जिन्याच्या भिंतीवरील नऊ तसबिरी : त्रिमूर्तीनगरातील एका घराचे प्रकरण

नागपूरच्या त्रिमूर्तीनगर भागातील एका दुमजली घरात, मागच्या वर्षीच्या डिसेंबरात, मी जिन्याच्या भिंतीवर कौटुंबिक छायाचित्रे लावण्याचे काम हाती घेतले. वरकरणी काम लहान होते, तरी ते पुरे व्हायला पाच आठवडे लागले आणि त्यांतले पहिले चार आठवडे तसबिरींसाठी भिंतीला एकही भोक न पाडता गेले. तो वेळ कशात गेला हे सविस्तर लिहून ठेवावेसे वाटते, कारण जिन्यावर तसबिरी लावताना दिवाणखान्यातले नियम जसेच्या तसे उचलले जातात आणि तिथेच काम बिघडते. दिवाणखान्यात पाहणारा बसलेला किंवा उभा असतो. जिन्यावर तो चालत असतो आणि त्याचा डोळा, हात आणि पाय हे तिन्ही प्रत्येक पायरीगणिक भिंतीच्या नव्या उंचीवर येतात. या तिन्हींचा हिशेब मांडल्याशिवाय जिन्याच्या भिंतीवर खिळा ठोकू नये, असे माझे मत या कामात अधिकच पक्के झाले.

घरात चार पिढ्या आहेत. सर्वांत थोरल्या आजी चौऱ्याऐंशी वर्षांच्या, माहेर उमरेडकडचे. त्यांचे चिरंजीव निवृत्त झालेले, सूनबाई शिक्षिका, नातू आणि नातसून नोकरीत, आणि सहा वर्षांची पणती. माळ्यावरच्या लोखंडी पेटीत तेवीस छायाचित्रे निघाली आणि ती सगळी जिन्यात लागावीत, अशी चिरंजिवांची इच्छा होती. त्यांत त्यांच्या सर्वांत जवळचे होते ते त्यांच्या वडिलांच्या कचेरीतील समूहचित्र. वडील मध्य प्रदेशाच्या सचिवालयात लिपिक होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, मध्य प्रदेशाची राजधानी नागपुराहून भोपाळला हलली आणि एका कचेरीत वर्षानुवर्षे शेजारी बसलेल्या माणसांपैकी काही भोपाळला गेली, काही इथेच राहिली. त्या ताटातुटीच्या आधी, ऑक्टोबरात, काढलेले हे चित्र. तीन रांगा, सत्तेचाळीस माणसे, आणि खालच्या जाड पुठ्ठ्यावर काळ्या शाईने बारीक अक्षरांत लिहिलेली सत्तेचाळीस नावे. ते जिन्याच्या बरोबर मध्यभागी लागावे, असा चिरंजिवांचा आग्रह होता.

आता जिना कसा आहे ते सांगतो. दिवाणखान्याच्या उत्तरेकडील भिंतीला लागून, पूर्वेकडून पश्चिमेकडे, सरळ बारा चढ (एका पायरीची उभी उंची म्हणजे एक चढ) आहेत. मग तीन फूट लांब-रुंद लँडिंग. तिथून डावीकडे वळून आणखी सहा चढ आणि वरचा मजला. एका पायरीची उंची साडेसहा इंच आणि रुंदी दहा इंच, म्हणजे उतार सुमारे ३३ अंशांचा. चढताना भिंत उजव्या हाताला येते आणि डाव्या हाताला स्टीलचा कठडा आहे. लँडिंगच्या पश्चिमेच्या भिंतीत एक खिडकी आहे.

पहिल्या दिवशी मी टेप बाहेर काढण्याआधी भिंतच नीट पाहिली. फिक्या पिवळ्या रंगावर, पायऱ्यांच्या उताराला समांतर असा एक मळकट पट्टा खालपासून वरपर्यंत गेलेला होता. चार बोटांएवढा रुंद, मध्यभागी गडद, कडांना विरत गेलेला, आणि सातव्या-आठव्या पायरीजवळ, जिथे चढणारा दम घेतो तिथे, तळहाताएवढा पसरट झालेला. पुढच्या महिन्यात रंग मारायचाच आहे, असे सूनबाई संकोचाने म्हणाल्या. मी आजींना विचारले, “आजी, तुम्ही चढताना हात कुठे ठेवता?” त्या म्हणाल्या, “भिंतीले हात नाई लावला त चढनंच होत नाई माह्याच्यानं, बापा.” कठडा डावीकडे आहे आणि आजींचा डावा खांदा वर उचलत नाही, हे घरात सर्वांना ठाऊक होते, पण ते दोन तुकडे कुणी एकत्र जोडले नव्हते. पट्टा प्रत्येक पायरीच्या कडेपासून ३४ ते ३९ इंचांच्या दरम्यान होता. तिथे किंवा त्याच्या अगदी वर तसबिरीची खालची कड आली असती, तर ज्या भिंतीच्या आधाराने आजी चढतात तीच भिंत आम्ही त्यांच्याकडून काढून घेतली असती. शिवाय तोल जाताना माणूस हाताला येईल ते धरतो, आणि दोन स्क्रूंवर टांगलेली काचेची चौकट हा धरण्याचा आधार नव्हे.

म्हणून तसबिरींच्या आधी भिंतीच्या बाजूने सागवानी हातकठडा बसवावा, असे मी सुचवले आणि घरच्यांनी ते मान्य केले. तो पायरीच्या कडेपासून ३५ इंचांवर बसला, म्हणजे आजींच्या हाताने आधीच आखून दिलेल्या रेषेवर. त्याच्यावर हाताची बोटे आणि कोपर मोकळे फिरावेत म्हणून पायरीच्या कडेपासून ४५ इंचांच्या खाली कोणत्याही तसबिरीचा कोणताही कोपरा येऊ द्यायचा नाही, अशी मर्यादा ठरवली. पुढचे बहुतेक निर्णय या एका आकड्यातून निघाले.

तसबिरीचा मध्य डोळ्याच्या उंचीवर असावा, हा नियम सर्वश्रुत आहे. पण डोळा कोणाचा? आजींची उंची चार फूट आठ इंच, म्हणजे डोळा सुमारे ५२ इंचांवर. चिरंजिवांची पाच फूट आठ इंच, म्हणजे डोळा ६४ इंचांवर. दोहोंचा मध्य ५८ इंच, तोच आम्ही धरला. ही उंची जमिनीपासून नव्हे, तर पायऱ्यांच्या कडांना जोडणाऱ्या तिरप्या रेषेपासून मोजायची असते. प्रत्येक पायरीपासून वेगवेगळी मोजण्याचा मोह होतो, पण आपल्याकडच्या जिन्यांत सगळ्या पायऱ्या सारख्या क्वचितच असतात. या घरात दिवाणखान्याच्या जुन्या फरशीवर नवी टाइल बसवल्यामुळे पहिला चढ पाऊण इंचाने कमी झाला होता. तिथे जमिनीपासून माप घेतले असते, तर पहिलीच तसबीर ओळीतून निसटलेली दिसली असती. पहिल्या पायरीच्या कडेपासून लँडिंगच्या कडेपर्यंत सुतळी ताणून बांधली आणि सगळी मापे त्या सुतळीपासून घेतली.

इथे एक चूक झाली, आणि ती माझ्या सांगण्यातील उणिवेमुळे झाली. भिंतीवर ५८ इंचांची समांतर रेषा आखायला मी सुतारमिस्त्रींना सांगितले. त्यांनी टेप सुतळीला काटकोनात धरला, म्हणजे तिरपा, आणि त्या मापाने खडूची दोरी मारली. रेषा उताराला अगदी समांतर आली, दिसायला निर्दोष. पण तिरप्या उतारावर काटकोनात मोजलेले ५८ इंच ओळंब्याच्या, म्हणजे वजन बांधून सोडलेल्या दोरीच्या, उभ्या रेषेत ६९ इंच होतात; सगळी ओळ अकरा इंच वर गेली होती. समांतर असल्यामुळे ती आम्हां कुणालाच खटकली नाही. तसबिरींच्या मापाचे खाकी कागद कापून ते त्या रेषेवर चिकटवले, तेव्हा आजी चौथ्या पायरीवर थांबल्या आणि त्यांना कागदाची खालची कडसुद्धा डोक्याच्या वर दिसली. ओळंबा सोडल्यावर चूक कळली. जिन्यावर उंची नेहमी ओळंब्यातच मोजायची, आणि भोक पाडण्याआधी कागद किमान तीन-चार दिवस भिंतीवर राहू द्यायचे. माणसे त्यांच्या शेजारून ये-जा करू लागली की चूक आपोआप उघडी पडते.

यानंतर तसबिरींच्या आकाराचा प्रश्न आला, आणि मला या प्रकरणात तो सर्वांत शिकवणारा वाटतो. भिंत चढत असते, पण चौकट आडवीच राहते. त्यामुळे चौकट जितकी रुंद, तितकी तिच्या वरच्या पायरीकडील खालच्या कोपऱ्याखालची जागा कमी होते. १२ इंच रुंद आणि १६ इंच उंच चौकट ५८ इंचांच्या मध्यावर लावली, तर तिची खालची कड मध्यभागी पायरीच्या रेषेपासून ५० इंचांवर असते, आणि चढाकडील कोपरा सुमारे ४६ इंचांवर येतो. म्हणजे ती आमच्या मर्यादेत बसते. समूहचित्राची चौकट मात्र २४ इंच रुंद आणि १८ इंच उंच होती. तिचा कोपरा ४१ इंचांवर उतरत होता, म्हणजे हातकठड्यावरून सरकणाऱ्या मनगटाला लागेल इतका खाली. म्हणून सरळ जिन्यावर उभ्या चौकटी आणि आडव्या चौकटी अन्यत्र, असे ठरले.

चिरंजिवांना हे पटायला वेळ लागला. वर लावा, जरा उंच लावा, असे ते म्हणत होते. तेव्हा मी त्यांना ते चित्र हातात देऊन सहाव्या पायरीवर उभे केले आणि मागच्या रांगेतील डावीकडून पाचव्या माणसाचे नाव वाचायला सांगितले. चष्मा सरसावून, भिंतीशी वाकून, नावावरून रांगेकडे आणि रांगेवरून पुन्हा नावाकडे जाताना त्यांचा उजवा पाय न कळत मागे गेला आणि पायरीच्या कडेवर अर्धा अधांतरी राहिला. त्यांनी स्वतःच चित्र खाली घेतले. ज्या चित्राला माणूस थांबून, झुकून, मागे सरून पाहतो ते पायऱ्यांवर लावू नये. ते वरच्या मजल्यावरील लॉबीत, चार फूट मोकळी जागा समोर ठेवून लावले, आणि आता तिथे खुर्ची ओढून बसून नावे वाचता येतात. पायऱ्यांवर असे चित्र हवे जे एका नजरेत कळते : एक चेहरा, दोन चेहरे, एक प्रसंग.

तेवीस छायाचित्रांतून सरळ जिन्यासाठी सात निवडली गेली. दोन तसबिरींच्या मध्यांत आडवे अंतर १५ इंच, म्हणजे दीड पायरी, ठेवले. सगळ्या चौकटी एका मापाच्या, एका रंगाच्या. वेगवेगळ्या मापांच्या चौकटींची गर्दी मोठ्या सपाट भिंतीवर शोभते. तीन फूट रुंदीच्या जिन्यात ती अंगावर येते. उरलेली छायाचित्रे अल्बमात गेली.

क्रमाचा विषय निघाला तेव्हा घरातले वातावरण जरा गंभीर झाले, आणि ते स्वाभाविक होते. आपल्याकडे दिवंगतांच्या तसबिरी हयात माणसांच्या रांगेत लावत नाहीत. त्यांना हार असतो, काचेवर गंधाचा टिळा असतो, आणि या घरच्या रीतीप्रमाणे त्यांचे मुख दक्षिणेकडे असावे लागते. शिवाय सूनबाईंनी एक शंका काढली जी मला फार महत्त्वाची वाटली : जिन्यावर तसबिरी लावल्या तर वरून उतरणाऱ्याचे पाय वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्याच्याही वर नाहीत का येणार? हिशेब केला तर ते खरेच होते. आठ पायऱ्या वर गेलेल्या माणसाचे पाय ५२ इंच वर असतात आणि खालच्या तसबिरीची कड ५० इंचांवर. सरळ जिन्यावरील कोणतीही खालची तसबीर या शंकेतून सुटत नव्हती.

लँडिंग मात्र सुटत होते. लँडिंगपासून वरचा मजला सहा चढ, म्हणजे ३९ इंच उंच. लँडिंगच्या उत्तर भिंतीवर तसबिरीचा मध्य ५८ इंचांवर ठेवला, तर तिची खालची कड ५० इंचांवर, म्हणजे वरच्या मजल्याच्या फरशीपेक्षाही ११ इंच वर येते. त्या घरात, गच्ची सोडली तर, कुणाचेही पाऊल त्या कडेच्या वर जात नाही. आणि उत्तर भिंतीवर लावलेल्या तसबिरीचे मुख आपोआप दक्षिणेकडे होते. आजोबा आणि आजोबांचे आई-वडील अशा दोन तसबिरी तिथे शेजारी-शेजारी लागल्या. चढणारा माणूस लँडिंगवर वळण्यासाठी क्षणभर थांबतोच. नमस्कारासाठी ती जागा योग्य आहे, आणि हे कागद-पेन्सिलीने मोजून दाखवता आले, याचे मला समाधान आहे.

त्यामुळे बाकीचा क्रमही ठरला. भिंत उजव्या हाताला ठेवून चढणारा माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, तर त्याला जिना उजवीकडून डावीकडे चढताना दिसतो. म्हणून सर्वांत खाली पणतीचा शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो, मग नातवाचे लग्न, मग मागे मागे जात रामटेकच्या गडमंदिराच्या पायऱ्यांवरील आजी-आजोबा. चढताना काळ मागे जातो, आणि तीच ओळ डावीकडून उजवीकडे वाचली तर जुन्याकडून नव्याकडे येते. भिंत डाव्या हाताला असती, तर हे दोन्ही एकदम साधले नसते.

नागपूरच्या हवेचा विचार वेगळा करावा लागला. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास लँडिंगच्या खिडकीतून आलेले ऊन उत्तर भिंतीवर, नेमके दिवंगतांच्या तसबिरींच्या जागी पडत होते आणि सूर्य उतरत गेला तसे वरच्या दोन-तीन पायऱ्यांवरील भिंतीवर सरकत होते. मे महिन्यात पाहिले असते तर ते दिसलेच नसते, कारण उन्हाळ्यात सूर्य पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो आणि ऊन दुसऱ्या बाजूला पडते. प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही. म्हणून खिडकीला जाड पडदा लावला आणि मूळ छायाचित्रांऐवजी त्यांच्या रंगद्रव्य-शाईतील चांगल्या प्रती भिंतीवर लावल्या. मूळ प्रती आम्लरहित कागदाच्या पाकिटांत, आतल्या खोलीतील कपाटात ठेवल्या. माळ्यावरची पेटी बंद केली; मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा स्लॅबखालचा माळा हा घरातील सर्वांत तापलेला कोपरा असतो. त्या पेटीतले १९८०च्या दशकातले रंगीत फोटो तांबूस पडले होते, आणि जुन्या कृष्णधवल प्रतींच्या काळ्या भागांवर कडेने निळसर, पाऱ्यासारखी झाक चढली होती.

दुसरी गोष्ट कूलरची. कूलरच्या हवेला बाहेर पडायला वाट लागते, आणि दुमजली घरात दिवाणखान्यातील कूलरची ओलसर हवा जिन्यानेच वर जाते. बाहेर रखरखीत कोरडे असताना जिन्यात मात्र एप्रिल ते जून सतत दमट वारा वाहत असतो, आणि लगेच मागून पावसाळा येतो. काचेला थेट टेकलेला फोटो अशा दमटपणात काचेला चिकटतो. सोडवायला गेले की चेहरा काचेवर राहतो. जुन्या तसबिरींपैकी दोघींचे असे झाले होते. त्यामुळे सगळ्यांना जाड माउंट, म्हणजे फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, देऊन फोटो आणि काच यांत अंतर ठेवले, मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांना नमद्याच्या टिकल्या लावल्या, म्हणजे भिंत आणि चौकट यांतून हवा खेळती राहते. सरळ जिन्यावर काचेऐवजी ॲक्रिलिक वापरले. त्या अरुंद वाटेने कधीतरी गादी किंवा कपाट वर जाणारच.

शेवटी भोके. स्विचबोर्डाच्या सरळ वरची सहा इंच रुंद पट्टी वायरिंगसाठी सोडली. ६ मिलिमीटरचा बिट, प्लास्टिकची गिट्टी (स्क्रू घट्ट बसावा म्हणून भोकात घालायची खुंटी), प्रत्येक तसबिरीला दोन स्क्रू, म्हणजे दार आपटले किंवा पणती धावत उतरली तरी चौकट कलत नाही. ड्रिल करताना पडणारी भुकटी पाहत राहावी : आधी पांढरी ती पुट्टी, मग करडी तो अर्ध्या इंचाचा गिलावा, मग लाल ती वीट. लाल आली की गिट्टी घट्ट बसते. अर्धा-पाऊण इंच आत गेल्यावरही भुकटी करडीच राहिली आणि बिट सहज सरकत राहिला, तर तो दोन थरांमधल्या सांध्यात शिरला आहे, आणि तिथली गिट्टी कालांतराने सैल होते. दोन तसबिरींची चारही भोके अशी सांध्यात गेली. ती बुजवून पाऊण इंच वर विटेत नवी पाडली आणि चौकटीमागच्या कड्याही तितक्याच वर घेतल्या, म्हणजे तसबीर जागची हलली नाही.

पावसाळा संपल्यावर मी पुन्हा जाऊन सगळ्या तसबिरी उतरवून मागून पाहिल्या. तिसरीच्या मागे पालीची दोन अंडी होती, ओल कुठेही नव्हती, गिट्ट्या घट्ट होत्या. हातकठडा आजींच्या हाताने गुळगुळीत होऊ लागला होता आणि नव्या रंगावर पट्टा उमटला नव्हता.

सातव्या जागेबद्दल मात्र लिहायचे राहिले. लँडिंगच्या अलीकडची ही शेवटची जागा आजी-आजोबांच्या १९५८ सालच्या लग्नाच्या फोटोला दिली होती. तो हयातांच्या ओळीत की दिवंगतांच्या, यावर घरात दोन मते होती, आणि लँडिंगला लागून पण लँडिंगवर नाही, अशी जागा मी सुचवली होती. सर्वपित्री अमावास्येला लँडिंगवरील दोन्ही तसबिरींना हार घालताना नातसुनेने याही फोटोला घातला. आजींनी वर जाताना तो पाहिला, कठड्याला धरून हात वर केला, हार काढून तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, “मी त जिती आहो ना? मंग हार कायले पाह्यजे?” ५२ इंचांवरच्या त्यांच्या डोळ्यांसमोर तो फोटो होता आणि चौकटीची वरची कड त्यांच्या हाताला सहज पोचत होती.